कुठल्या गटात ते सांगू नका

मला आजवर तीनदा नैराश्य आलं, आणि तिन्ही वेळा मी अगदी नको तेव्हा आजारी पडले. पहिल्यांदा मुलगी झाली तेव्हा, सगळं घर बारशाच्या धांदलीत असताना. दुसऱ्यांदा काहीही कारण नसताना, ऐन मे महिन्याच्या सुट्टीत, नुकता पगार वाढलेला असताना. तिसऱ्यांदा नवऱ्याची खाण बंद पडली तेव्हा. म्हणजे खाण बंद पडली त्याची आणि अंथरूण धरलं मी. तो पाळी गावातल्या खाणीच्या ऑफिसात कारकून होता. चार दिवस गप्प बसला आणि पाचव्या दिवशी कुणाचा तरी जुना टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. त्याचं सांत्वन करायला माणसं सफरचंदं घेऊन यायची, तर तो बाहेर टेम्पो धूत असायचा आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मी. सफरचंदं कुणाच्या हातात द्यायची हेच त्यांना कळायचं नाही. शेवटी तोच खायचा.

हे आता हसत सांगते, कारण तेव्हा कुणीच हसत नव्हतं. त्या वर्षी मुलगी बारावीला होती. माझ्या खाटेला टेकून ती अभ्यास करायची आणि दर अर्ध्या तासाने मान वळवून मी आहे ना ते बघायची. मला ते कळायचं, आणि कळूनही मान तिच्याकडे वळवायची ताकद नसायची. बरं झाल्यावर माणसाला सगळ्यात जास्त भीती कसली वाटत असेल, तर ते परत येण्याची. बाकी सगळं मी विसरले. तिचं ते मान वळवणं विसरले नाही.

म्हणून पणजीच्या डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "तुम्ही आता बऱ्या आहात, पण पुन्हा येऊ नये म्हणून काय करता येईल यावर आमच्याकडे एक अभ्यास चाललाय. तीनदा किंवा जास्त वेळा आलेल्यांना घेतो," तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले. साखळीच्या हायस्कुलात एवढी वर्षं मी ऑफिसात कारकुनी करते. शिष्यवृत्तीला कोण पात्र, कोण अपात्र हे लिहून हात झिजले. स्वतः मी कशालाही पात्र ठरले नव्हते. इथे ठरले, तीही तीनदा आडवी पडल्यामुळे.

अभ्यास असा होता. दोन गट. एका गटाने गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या आणि वेळोवेळी तपासणीला यायचं. दुसऱ्या गटाने आठ आठवडे, आठवड्यातून एकदा वर्गाला बसायचं, मनाच्या खोड्या ओळखायला शिकायचं, आणि मग डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या अगदी हळूहळू कमी करायच्या. कोण कुठल्या गटात हे ना डॉक्टर ठरवणार ना मी. ते कॉम्प्युटर ठरवणार. आणि दर तीन महिन्यांनी एकजण फोन करून माझी चौकशी करणार. त्या फोनवाल्याला मी कुठल्या गटात आहे हे कळता कामा नये. कळलं तर त्याचा कान त्या बाजूला झुकतो, अभ्यास कलंडतो.

"एवढंच सांभाळा," बाई म्हणाल्या. "कुठल्या गटात ते सांगू नका."

मी उत्साहात सही ठोकली. आपण कारापूरसारख्या गावात राहतो हे त्या घडीला माझ्या ध्यानातच नव्हतं.

आमच्या घरात अक्का आहे. अक्का म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, पंचायतीत तीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, आणि निवृत्त झाल्यावर आता त्या तोंडी करते. गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे तिला आधी कळायचं, मग सरकारला. माझ्याशी तिचं गेली पंचवीस वर्षं नियमाने भांडण आहे. मी पेडण्याची, ती इथली. तेवढं कारण आम्हाला पुरतं.

कॉम्प्युटरने मला वर्गाच्या गटात टाकलं. मी घरी येऊन सांगितलं, तर अक्का पाटावरून हललीसुद्धा नाही.

"माका कालच ठाऊक होता," ती म्हणाली. तिने आदल्या दिवशी देवळात जाऊन भटजींकडून कौल लावून घेतला होता. देवाला लावलेली पाकळी उजवीकडची पडली. उजवी म्हणजे वर्ग, हे तिने आधीच देवाला समजावून सांगितलं होतं.

"आणि डावी पडली असती तर?"

"मगे परत लावलंय असतंय. देवाक घाई नाय."

कॉम्प्युटरपेक्षा ही पद्धत मला जास्त मोकळी वाटली, पण बाईंना सांगायचं धाडस झालं नाही.

वर्गात आम्ही दहाबारा जण. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक काजू ठेवला आणि तो दहा मिनिटांत खायला सांगितलं. आधी बघायचा, मग हुंगायचा, मग ओठांना लावायचा, मग जिभेवर ठेवून वाट बघायची. मी पेडण्याच्या काजूच्या बागायतीत वाढलेली बाई. आमच्याकडे काजूबियांची भाजी होते तेव्हा कुणी एका काजूकडे असं बघत बसलं, तर बाकीचे तोवर पातेलं पुसून मोकळे होतात. शेजारचा एक ट्रकवाला तर काजू तळहातावर पडताच गिळून बसला आणि नऊ मिनिटं रिकाम्या हाताकडे लक्षपूर्वक बघत राहिला. मला वाटतं, त्या दिवशी सगळ्यात जास्त तोच शिकला.

पण खोटं कशाला बोलू, हळूहळू काहीतरी उपयोगाचं होऊ लागलं. 'माझ्याने काही होणार नाही' असं मनात आलं की ते खरं धरून अंथरुणाकडे जायचं नाही. 'हा विचार आला' असं म्हणायचं, जसं दारात कुणी आलं तर आपण म्हणतो, पण प्रत्येकाला आत घेऊन चहा देत नाही. अर्थात आमच्या घरात प्रत्येकाला आत घेऊन चहा देतात, म्हणून मला हे शिकायला आठ आठवडे लागले.

सहाव्या आठवड्यात सरांनी घरचा अभ्यास दिला. दुखणं परत येतंय याची पहिली खूण काय, ते घरच्यांना विचारून आणा. आपलं आपल्याला शेवटी कळतं, घरच्यांना आधी. मी तिघांना एकेक चिठ्ठी दिली. नवऱ्याने लिहिलं, "टॉवेलांच्या घड्या फार नीट घालते." हे मला कधीच माहीत नव्हतं. मुलीने लिहिलं, "आई कुणाची नक्कल करत नाही." अक्काने लिहायला साफ नकार दिला. "माझा अक्षर तुझ्या डॉक्टरांक कित्याक?" म्हणाली. मग माझ्या पेनाने, माझ्याच हातून लिहवून घेतलं: "माझ्याशी भांडत नाही. काहीही म्हटलं तरी हो म्हणते."

वर्गात मी हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. सर म्हणाले, "ही तर फार मोलाची खूण आहे." मी तीनही चिठ्ठ्या फायलीला लावून टाकल्या. मी कारकून, फायलीला लागलं की काम झालं.

आता फोनांबद्दल.

पहिला फोन रविवारी सकाळी आला. मी दारात मासेवाल्याच्या स्कूटरपाशी बांगड्यांचे डोळे तपासत होते, मोबाइल आत मेजावर. तो अक्काने उचलला. पलीकडची मुलगी अगदी शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "मला त्यांच्याशी बोलायचं होतं, मी इस्पितळाच्या अभ्यासातून बोलतेय."

"ता असो," अक्का म्हणाली. "तू कोणाची गो?"

हे बाहेरच्यांना चौकशी वाटेल. आमच्याकडे हा शिष्टाचार आहे. कोण, कुठली, हे न विचारता माणसाला थेट कामाचं बोलू देणं म्हणजे त्याला अंगणात उभं ठेवणं. मुलगी बिचारी वळणाची होती, तिने सांगितलं. पेडण्याची निघाली. पेडण्यात कुठे, आईचं माहेर कुठलं, मामा काय करतो, असं करत चार मिनिटांत अक्काने तिच्या आईच्या आत्येला आमच्या चुलत घराण्यात दिलेली शोधून काढली.

"मगे तू घरचीच!" अक्का म्हणाली. आणि घरच्या माणसापासून काय लपवायचं? "अगो, तिका पणजीक वर्गात घातलंहा. गोळये कमी केल्यानी. आता बरा आसा."

मी माशांचे हात घेऊन आत धावले तेव्हा मुलगी रडवेली झाली होती. "काकी, आता मी तुम्हाला फोन करू शकत नाही. मला कळवावं लागेल."

अक्काला मी संध्याकाळी सगळं पुन्हा समजावलं. ती शांतपणे लसूण सोलत होती. "मी गटाचा नाव घेतलंय? मी 'वर्ग' म्हटलंय."

दुसऱ्या वेळी त्यांनी एक मुलगा दिला. त्याने फोन केला तेव्हा मी टेम्पोत नवऱ्याच्या शेजारी होते आणि फोन त्यानेच घेतला. नवरा मितभाषी. त्याने अक्कासारखं काही फोडलं नसतं, पण त्याला अभ्यासाला हातभार लावायचा होता. "नीट लिहून घ्या हां," तो त्या मुलाला म्हणाला. "त्या वर्गाचा गुण आहे. मॅडमना मुद्दाम सांगा." मी शेजारून स्टिअरिंगवर हात आपटला. टेम्पो नाल्यात जायचा राहिला, मुलगा मात्र अभ्यासातून गेला. म्हणजे माझ्यापुरता.

तिसऱ्या वेळी मी फोन स्वतः उचलला, खोलीचं दार लावून घेतलं आणि जनेलसुद्धा बंद केलं. पलीकडे एक पोक्त बाई होत्या. त्यांनी विचारलं, "वाचताना, टीव्ही बघताना लक्ष लागतं का?"

"अगदी," मी म्हणाले. "गेलंच तर श्वासावर आणते ना परत, सरांनी शिकवलंय तसं."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी आता फोन ठेवते."

अभ्यासाच्या ऑफिसातल्या बाईंनी मला नंतर फार सभ्यपणे सांगितलं, की अख्ख्या उत्तर गोव्यात त्यांना सगळ्यात जास्त माणसं आमच्या घरासाठी बदलावी लागलीत. मी ते बक्षीस मिळाल्यासारखं घरी सांगितलं. मुलगी इतकी हसली, की अक्कालासुद्धा हसावं लागलं.

चौथी मुलगी नागपूरकडची होती. पहिल्यांदा अक्कानेच उचललं. "नागपुरात खंय?" इथपर्यंत ती गेली आणि पुढे तिला वाट सापडेना. मोबाइल माझ्या हातात देत खिन्नपणे म्हणाली, "तिचा कोणच नाय गो हय."

आणि या, जिला कुणीही काहीही सांगितलं नव्हतं अशा मुलीशी मी खोटं बोलले.

झालं होतं असं. माझ्या मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. चांगली नोकरी, हजर व्हायची तारीख ठरलेली. तिने पत्र मला दाखवलं आणि घडी करून परत ठेवलं. "तुझं बघून ठरवते," म्हणाली. माझ्या गोळ्या तोवर जवळपास संपत आल्या होत्या. आणि मला पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या पोंग्याच्या कितीतरी आधी जाग येऊ लागली होती. बांगडा तोंडात घातला तर कापूस चावल्यासारखं वाटायचं. शाळेत एकच पान मी तीनदा टाइप केलं. वर्गात शिकल्याप्रमाणे 'हा विचार आला' म्हणून बघितलं, पण हा आला तो आत येऊन खुर्ची ओढून बसला.

नागपूरची मुलगी एकेक प्रश्न विचारत होती, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. झोप? उत्तम. भूक? चांगली. कामात रस? आहे की. मी शाळेचं प्रगतिपुस्तक भरावं तशी उत्तरं भरत गेले, वर्गातल्या हुशार मुलीची. मला वाटलं, मी मुलीला पुण्याला पाठवतेय. शिवाय सरांचीही दया आली. एवढं शिकवलं, त्यांचा निकाल कशाला बिघडवा?

त्याच आठवड्यात एका दुपारी अक्काने बांगड्यांचं हुमण केलं आणि त्यात कोकमाची सोलं घालायला विसरली. आंबटपणाशिवाय हुमण म्हणजे नुसतं लाल पाणी. एरवी मी एवढ्यावर दोन दिवस भांडले असते. मी भात कालवला, जेवले आणि म्हणाले, "छान झालंय हो, अक्का."

तिघांचे हात ताटात थांबले.

अक्काने आपल्या ताटातला रस्सा चाखला, माझ्याकडे बघितलं आणि उठून सोलांची बरणी आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कंबर कसली. मी भाजी चिरत होते, तर समोर येऊन उभी राहिली. "तुमच्या पेडण्याच्यांका जेवण करूक कधी येवकच नाय. तुझ्या आवशीक तरी खंय येय होता?"

माझ्या आईवर ती पंचवीस वर्षांत कधी गेली नव्हती. तेवढी एक हद्द आम्ही दोघींनी पाळली होती.

"खरं आहे," मी म्हणाले.

अक्का तिथेच खाली बसली. "उलट बोल गो," ती म्हणाली. "उलट बोल मगे. अशी काय बसलंस?" तिचा आवाज फुटला, आणि मला नुसतं वाटत राहिलं, की हिला पाणी द्यायला हवं आणि पाणी फार लांब आहे.

मुलगी दारात उभी होती. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी पुण्याला कळवते, येत नाही म्हणून."

इतकं काळजीपूर्वक खोटं बोलून मी नेमकं तेच घडवून आणलं होतं, जे घडू नये म्हणून खोटं बोलले होते. आणि ते मी कुणापासून लपवलं होतं, तर नागपूरच्या एका मुलीपासून. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बहुतेक माझ्या आधी ठाऊक होतं.

"दोन दिवस थांब," मी मुलीला म्हणाले. "कळवू नकोस." मग अभ्यासाच्या ऑफिसला फोन लावला. नंबर लावायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. एका काजूपेक्षा जास्त. "मी परवा दिलेली उत्तरं चुकीची आहेत," मी म्हणाले. "सगळी."

ऑफिसातल्या बाई जराही रागावल्या नाहीत. डॉक्टरांची वेळ त्यांनी दुसऱ्याच दिवसाची दिली, आणि संध्याकाळी नागपूरच्या मुलीचा फोन येईल म्हणाल्या.

तो आला तेव्हा मी माझ्या मुलीला खोलीतच बसायला सांगितलं. नवरा आणि अक्का बाहेर गेले, म्हणजे जनेलाबाहेर. नागपूरची मुलगी पहिल्यापासून सुरू झाली, त्याच आवाजात, जणू आम्ही आधी कधी बोललोच नव्हतो. झोप? येत नाही. भूक? नाही. कामात रस?

"नाही," मी म्हणाले. "मी तुमचा अभ्यास बिघडवला का हो?"

"ते ठरवणं माझ्याकडे नाही, ताई. पुढचा विचारू?"

"विचारा."

"आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं का?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मला 'नाही' म्हणणं इतकं सोपं होतं. वर्षभर त्या खाटेला टेकून बसलेल्या पोरीसमोर 'हो' म्हणायला जीभ उचलेना.

"हो," मी म्हणाले. "रोज वाटतं."

"जगू नये असं वाटतं का?"

"तसं नाही वाटत." हे खरं होतं. ते खरं आहे हे माझ्या आवाजावरून मुलीला कळलं, कारण आधीचंही खरंच होतं. तिने खांदे खाली सोडले. इतके दिवस ते वर होते हे मी तेव्हा बघितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी पूर्वीच्या मापावर आणली आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. लवकर आलात, म्हणाल्या. लवकर म्हणजे खोटं बोलून, हुमण जेवून, अक्काला रडवून, पण तरी लवकर. याला 'परत आलं' म्हणायचं की 'येता येता अडवलं', हे अजून काही आठवडे बघून त्यांची माणसं ठरवतील. मी कुठल्या रकान्यात जाईन ते मला सांगणार नाहीत. विचारून बघितलं.

मुलीशी भांडण मात्र झालं. ती म्हणाली, तुला असं टाकून मी जाणार नाही. मी म्हणाले, तू राहिलीस तर तू मान वळवून बघत राहशील आणि मी बरी असल्याचं सोंग करत राहीन. दोघींनाही दुसरं काम उरणार नाही. नवरा मध्ये पडला आणि म्हणाला, की दर बुधवारी पणजीला तो नेईल, टेम्पोचं भाडं सोडून. एका श्वासात तो इतकं बोलला हे ऐकूनच मुलगी अर्धी मानली.

गाडी पणजीहून दुपारची होती. नवरा बॅगा चढवत होता, अक्का कंडक्टरला तू कुठला म्हणून विचारत होती. मुलगी पायरीवर एक पाय ठेवून वळली.

"आज कसं वाटतंय? खरं सांग."

"वाईट," मी म्हणाले. "कालपेक्षा कणभर कमी, पण वाईट. जा तू."

तिने दोन क्षण माझ्याकडे बघितलं, मग वर चढली. खिडकीची जागा मिळाली होती.